वाचकांचे प्रश्न: साइड-बाय-साइड खडकावर नेण्याआधी

या वेळच्या टपालात खडकावर गाडी चढवण्याविषयीची पत्रं जास्त आली. त्यांतली निवडक पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं एकत्र देत आहोत. बहुतेकांकडे साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सीटची छोटी ऑफ-रोड गाडी आहे, आणि ती क्लचबेल्टवर (पुढच्या-मागच्या क्लचना जोडणाऱ्या रबरी बेल्टवर) चालते. आकडे देताना पोलारिस आरझेडआर एक्सपी १००० हे मॉडेल धरलं आहे: इंजिन ९९९ सीसी, ताकद सुमारे ११० अश्वशक्ती, रुंदी ६४ इंच, कोरडं वजन ६२५ किलोच्या आसपास, कंपनीतून येणारे टायर २९ इंची. गाडी दुसरी असेल तर तत्त्व तेच राहतं, आकडे मात्र स्वतःच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावेत.

काटोल तालुक्यात आमची खडकाळ पडीक जमीन आहे. तिथे चालवायला जुनी साइड-बाय-साइड घेतली. मुलगा म्हणतो, आधी ३२ इंची टायर आणि पोर्टल (चाकाशी बसणारे, गाडी उंच करणारे गिअरचे डबे) बसवू. एकदम खर्च झेपणार नाही. क्रम कसा लावावा?
— शेतकरी वाचक, काटोल

मुलाला थोडं थांबवा. २९ चे ३२ इंच केले की गाडी प्रत्येक फेऱ्यात दहा टक्के जास्त अंतर कापते. म्हणजे गिअर तेवढेच उंच झाले, आणि खडकावर आपल्याला नेमकं उलट हवं असतं. शिवाय मोठ्या टायरचं वजन टाय रॉड, एक्सल आणि बेल्ट या तिघांवर पडतं. तिन्ही अंगं जुनी असतील तर पहिल्याच मोठ्या धोंड्यावर त्यातलं एक जाईल.

पहिलं काम फुकटचं आहे. गाडी जॅकवर घ्या आणि एकेक चाक हलवून बघा. वर-खाली धरून हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं धरून हललं तर टाय रॉडचं टोक. कंट्रोल आर्मच्या बुशमध्ये पहार घालून उचका, खटखट आली तर बुश गेलं. एक्सलचे चारही बाजूंचे रबरी बूट बोटाने उघडून बघा, सुरकुतीच्या तळाशी चीर असते आणि ती वरून दिसत नाही. या दुरुस्त्या झाल्याशिवाय एकही नवी वस्तू बसवू नका.

त्यानंतर पोटाखालची प्लेट, मग जाड बाजूचे ३० इंची टायर, मग भक्कम टाय रॉड, मग विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढणारी मोटर). एवढ्यावर काटोलकडच्या माळावर तुम्ही दोन हंगाम आरामात काढाल. क्लचची वजनं बदलणं आणि पोर्टल हे सगळ्यात शेवटी, तेही गाडी कुठे कमी पडते हे नेमकं कळल्यावर.

चढावर गाडी चढून नाही राहिली. चाक दगडाला लागलं की मी हळूहळू रेस वाढवतो, मग जळका वास येतो. सहा महिन्यांत दोन बेल्ट गेले. बेल्ट खराब येऊन राहिले का?
— वाचक, कळमेश्वर

बेल्ट बहुधा चांगलेच असतील. काढलेला जुना बेल्ट जमिनीवर ठेवून त्याची रुंदी सगळीकडे सारखी आहे का ते बघा. एकाच जागी दोन्ही बाजूंनी आत गेलेला, डमरूच्या कमरेसारखा दिसत असेल तर कारण पत्रातच आहे. चाक दगडाला टेकून अडलेलं असतं, मागचा क्लच फिरत नाही, बेल्ट जागेवर उभा राहतो आणि पुढचा क्लच त्याच जागेवर घासत राहतो. तुम्ही जितकी हळू रेस वाढवाल तितका वेळ हे घासणं चालतं. दोन-तीन सेकंदही पुरेसे आहेत.

उपाय दोन. एक, खडकावर कायम लो गिअर. ताशी ११ किलोमीटरच्या खाली चालवायचं असेल तर लो वापरा असं पोलारिसची पुस्तिकाही सांगते, आणि खडकावर तर वेग त्याच्या निम्म्यानेही नसतो. दोन, चाक दगडाला टेकवल्यावर रेस एकदम आणि ठामपणे द्या, म्हणजे क्लच लगेच पकडेल. एका सेकंदात गाडी हलली नाही तर सोडा, मागे या, चाक वेगळ्या जागी लावा. अडलेल्या चाकावर रेस धरून ठेवणं ही सवय मोडलीत की तिसरा बेल्ट टिकेल.

नवा बेल्ट टाकताना दोन्ही क्लचच्या आतल्या तिरप्या बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जळालेल्या रबराचा काळा चकचकीत थर राहिला तर नवा बेल्टही घसरतो. झाकणातले आणि हवेच्या नळीतले बेल्टचे धागे हवा मारून काढा, ते अडकले तर थंड हवा जात नाही. बेल्टवर बाण असेल तर त्या दिशेने, नसेल तर अक्षरं सरळ वाचता येतील असा बसवा. पहिले काही तास ओढाओढ न करता चालवा.

झाकणात तापमानाचा सेन्सर बसवणं आम्ही चैन मानत नाही. सेल्सिअसमध्ये ८० ते ८५ पर्यंत चालू द्या, ९५ ला पोचलं की थांबा. थांबल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. पार्कमध्ये टाकून दोन मिनिटं तीन हजार आरपीएमच्या आसपास धरा. पुढच्या क्लचच्या पंख्यासारख्या कडा हवा खेळवतात आणि झाकण लवकर निवतं. मे महिन्यात इथे सावलीतच ४५ अंश असतात, म्हणजे बेल्टला तापायला वाव निम्माच उरतो. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत चढाव उरका.

आमचं एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम आहे. एका गिऱ्हाइकाला पोटाखालची प्लेट हवी आहे. अॅल्युमिनियम करू की ते पांढरं प्लास्टिक? आणि किती जाड?
— फॅब्रिकेटर, हिंगणा

ते प्लास्टिक म्हणजे यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलीन. कोळशाच्या बंकरला आतून अस्तर लावतात तेच. खडकावर आमची निवड तीच राहील. अॅल्युमिनियम दगडात रुततं, त्याला ओरखडे पडून कडा उभ्या राहतात आणि गाडी धरून ठेवली जाते. प्लास्टिक घसरतं. पोटावर अडकलेली गाडी पाच-सहा इंच घसरून पुढे गेली की चाकाला परत पकड मिळते, सगळा फायदा तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

जाडी १२ मिलीमीटर. दीड मीटर बाय नव्वद सेंटिमीटरची शीट साधारण १५ किलो भरते. त्याच मापाचं ५ मिलीमीटर अॅल्युमिनियम १८ किलो होतं. ६ मिलीमीटरचं प्लास्टिक स्वस्त पडतं, पण दोन बोल्टांच्या मध्ये झोळीसारखं लोंबतं.

आता जिथे बहुतेक जण चुकतात ते. हे प्लास्टिक उन्हाने फार वाढतं. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर दीड मीटर लांबीत ७ ते ९ मिलीमीटर वाढ होते, स्टीलची चेसिस तेवढ्यात जेमतेम अर्धा मिलीमीटर वाढते. जानेवारीच्या सकाळी गोल भोकं पाडून घट्ट बसवलेली प्लेट मे महिन्यात फुगून खाली लोंबते, आणि पहिला दगड तिथेच अडकतो. म्हणून पुढच्या टोकाची एक ओळ गोल भोकांची ठेवा, बाकी सगळी भोकं लांबीच्या दिशेने लांबट करा: ८ मिलीमीटर बोल्टला ९ रुंद आणि मागे जाल तसं १४ ते २० लांब. बोल्टखाली रुंद, जाड वॉशर हवा. बोल्टचं डोकं प्लेटच्या आत ६ मिलीमीटर बुडेल असा खड्डा करा, नाहीतर डोकं दगडावर घासून गोल होईल आणि पुढच्या वेळी पाना बसणार नाही. लांबट भोकाला खड्डाही लांबटच लागतो. बोल्ट आवळताना वॉशर टेकला की पाव फेरा, त्याहून जास्त नाही. प्लेटला सरकायला जागा हवी.

कापायला साधी लाकडाची जिगसॉ चालते, वेग कमी ठेवा, नाहीतर कडा वितळून ब्लेड अडकतं. ऑइल बदलण्याच्या बोल्टखाली ६० मिलीमीटरचं भोक आत्ताच पाडा. आणि शीटची पुढची कड वरच्या बाजूला वळवून बंपरच्या मागे न्या. ती कड सरळ खाली राहिली तर प्लेट नांगरासारखी दगड उचलते.

कंट्रोल आर्मच्या खाली वेगळे गार्ड करा. पोट वाचतं आणि आर्म वाकतात, असं नेहमी होतं.

टायरमध्ये हवा किती ठेवावी? पेट्रोल पंपावरचा मुलगा दहाच्या खाली भरूनच देत नाही. बीडलॉक रिम खरंच लागते का?
— वाचक, मानकापूर

पंपावरचं मीटर तीस-पस्तीस पीएसआयसाठी असतं, खालच्या आकड्यांत ते दोन-तीनची चूक सहज करतं. ० ते १५ पीएसआयचं वेगळं गेज घ्या. दोन माणसं आणि सामानासह तुमची गाडी नऊशे किलोंच्या आसपास भरेल. साध्या रिमवर १० पासून सुरुवात करा आणि ९ च्या खाली जाऊ नका. बीडलॉक (टायरची कड बोल्टच्या रिंगने आवळून धरणारी रिम) असेल तर ६ ते ७ चालतं. हवा एकेक पीएसआयने उतरवा आणि दर वेळी चाक एका धोंड्यावर चढवून बघा. टायर दगडाभोवती दुमडला पाहिजे, रिम दगडाला टेकता कामा नये.

उन्हाचा हिशेब ठेवा. सकाळी २८ अंशांत ८ पीएसआय भरली आणि दुपारी टायर ४५ अंशांवर गेला तर हवा सव्वा पीएसआयने वाढते. पस्तीस पीएसआयच्या मोटारीत एवढं लक्षात येत नाही, आठमध्ये ते जवळजवळ सहावा हिस्सा आहे. दुपारी गाडी अचानक उड्या मारायला लागली तर आधी गेज लावा.

बीडलॉक लागते का, हे तुम्ही कुठे जाता त्यावर आहे. पश्चिमेला काटोल, हिंगण्याकडे बेसॉल्ट आहे. त्याचे धोंडे गोल आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे असतात, चाकाखाली पापुद्रा निसटतो पण टायर फारसा कापला जात नाही. तिथे साधी रिम चालून जाते. रामटेक, मनसरकडे जुने रूपांतरित खडक आहेत, त्यांच्या कडा उभ्या आणि धारदार असतात. तिथे टायरची बाजू दोन दगडांत दाबली जाते, रिमवरून टायर सुटतो. तिकडे नियमित जात असाल तर बीडलॉक घ्या, आणि टायरही निदान ८ प्लाय दर्जाचा.

बीडलॉकच्या रिंगचे बोल्ट इम्पॅक्ट गनने आवळू नका. समोरासमोरचे धरून, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा. टॉर्क रिमसोबत आलेल्या कागदावरचाच, बहुतेक रिंगांना तो २० ते २५ न्यूटन-मीटर असतो. पहिल्या फेरीनंतर परत सगळे तपासा. टायरची कड दबून बसते आणि निम्मे बोल्ट सैल झालेले सापडतात. मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

चार इंची पोर्टलने गाडी उलटण्याचा धोका किती वाढतो?
— वाचक, धरमपेठ

आकड्यांतच बघू. समजा दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर १३५० मिलीमीटर आहे आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० वर आहे. उभी गाडी आडव्या उतारावर साधारण ४६ अंशांना उलटेल. गुरुत्वमध्य १०० मिलीमीटर वर गेला की तोच कोन ४२ वर येतो. चार अंश थोडे वाटतात, पण हा कोन उभ्या गाडीचा आहे. स्प्रिंग एका बाजूला दबल्या, वरचं चाक दगडावर चढलं आणि खालचं खड्ड्यात गेलं की प्रत्यक्षात उलटण्याची वेळ त्याच्या कितीतरी आधी येते.

पोर्टलचा खरा फायदा उंचीपेक्षा गिअरमध्ये आहे. त्यात १५, ३०, ४५ टक्के घट मिळते. ३२ इंची टायरसोबत १५ टक्क्यांचं घेतलं तर टायरचा तोटा जेमतेम भरून निघतो. ३० टक्क्यांचं घेतलं तर मूळ गाडीपेक्षा साधारण १८ टक्के हळू आणि जोरकस गिअर मिळतो, बेल्टही थंड राहतो. आमचं मत ३० ला आहे. आणि पोर्टल बसवलं की छतावरचं सगळं उतरवा: जादा टायर, पेटी, लाइटची पट्टी. चारही पोर्टलमध्ये वेगळं ऑइल असतं, पहिल्या काही तासांनंतर ते बदला आणि त्यात धातूचा कीस येतो का ते बघा.

विंच ३५०० पौंडांची घ्यावी की ४५०० ची?
— वाचक, बुटीबोरी

गाडी ६२५, दोन माणसं १५०, प्लेट-टायर-विंच-हत्यारं मिळून १२०, भरलेल्या टाकीतलं पेट्रोल सुमारे २७. बेरीज ९२० किलोंच्या घरात. नियम असा की भरलेल्या वजनाच्या दीडपट ताकद हवी, म्हणजे १३८० किलो. ३५०० पौंड म्हणजे १५८८ किलो, कागदावर पुरतं. पण विंचवर छापलेली ताकद ड्रमवर दोरीचा पहिला थर असताना मिळते. थर चढत जातात तशी ती कमी होते, भरलेल्या ड्रमवर एक तृतीयांशापर्यंत. तेव्हा ४५०० च घ्या, म्हणजे २०४१ किलो.

दोरी सिंथेटिक घ्या. तुटली तर लोखंडी तारेसारखी चाबूक होऊन येत नाही. तिच्यासोबत गुळगुळीत अॅल्युमिनियमची फेअरलीड (दोरी बाहेर येते ते तोंड) लावा. लोखंडी तार चाललेली जुनी फेअरलीड वापरू नका, तिच्यातल्या चरांनी दोरी कापली जाते. खडकाच्या कडेवरून दोरी जाणार असेल तिथे जाड बाही चढवा. नागपूरचं ऊनही सिंथेटिक दोरीला खातं, म्हणून गाडी उभी असताना ड्रमवर झाकण हवं. ओढताना ड्रमवर किमान आठ वेढे राहू द्या.

जड अडकलेल्या गाडीसाठी पुली ब्लॉक लावून दोरी दुहेरी करा. जोर दुप्पट, वेग निम्मा, आणि बॅटरीवरचा भार उतरतो. एक मिनिट ओढलं की थोडं थांबा, इंजिन चालू ठेवा. बांधायला बाभळीचं किंवा कडुनिंबाचं खोड मिळालं तर रुंद पट्टा अगदी बुंध्याशी गुंडाळा. धोंड्याला बांधायचं तर तो निदान एक तृतीयांश जमिनीत रुतलेला हवा. वर ठेवल्यासारखा दिसणारा धोंडा गाडीऐवजी स्वतःच ओढला जातो. ओढताना दोरीवर ओलं पोतं टाका आणि सगळ्यांना दोरीच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा.

रोल केज इथेच बनवायची आहे. वेल्डर म्हणतो, दीड इंची जीआय पाइप मजबूत असतो.
— वाचक, वाडी

नाही. जीआय पाइप पाण्यासाठी आहे. त्याच्यावरचं जस्त वेल्डमध्ये बुडबुडे करतं, धूर वेल्डरच्या छातीत जातो, आणि धक्क्यात पाइप जोडाजवळ चिरतो. आयएस ३०७४ प्रमाणातली सीडीएस नळी मागा, म्हणजे थंड ओढलेली, जोड नसलेली. बाहेरचा व्यास ४४.५ मिलीमीटर, जाडी २.५. नळी बेंडरवर वळवा. वाळू भरून, गॅसने तापवून वळवलेल्या जागी नळी चपटते, आणि चपटलेली जागा उलटताना पहिली दुमडते.

वेल्ड नळीभोवती पूर्ण फिरलेला हवा. तार ईआर७०एस-६. गाडीवर वेल्ड करण्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि इंजिन कंट्रोलचे प्लग काढा. अर्थचा क्लॅम्प जिथे वेल्ड चालू आहे तिथून हातभर अंतरात लावा. तो लांब चाकाला लावला तर वीज बेअरिंगमधून जाते आणि त्यांच्या गोळ्यांवर खड्डे पडतात.

सीटबेल्टचा आडवा दांडा खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खाली घ्या. खांद्यापेक्षा फार खाली गेला तर धक्क्यात पट्टा पाठीचा कणा दाबतो. आणि दोन्ही बाजूंना जाळी लावाच. खडकावर गाडी सावकाश कलंडते, त्यामुळे माणूस हात बाहेर काढून तिला धरायला बघतो आणि हात नळीखाली सापडतो. जाळी त्यासाठी आहे.

पुढची एक्सल दुसऱ्यांदा तुटली. दोन्ही वेळा स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं होतं.
— वाचक, कामठी

मग कारण तुम्हीच ओळखलंय. पूर्ण वळवलेल्या चाकात सीव्ही जॉइंटचा (एक्सलच्या वळणाऱ्या सांध्याचा) कोन सगळ्यात जास्त असतो आणि ताकद सगळ्यात कमी. त्यात चाक दोन दगडांत अडकलेलं आणि रेस दिलेली. पूर्ण वळवलं असेल तर रेस देण्याआधी स्टिअरिंग थोडं सैल करा, पाव फेरासुद्धा पुरतो. वळण जमत नसेल तर मागे येऊन दोनदा घ्या. चाक हवेत गरगरत असताना रेस सोडा आणि ते थांबल्यावरच खाली टेकू द्या. फिरतं चाक दगडावर आदळलं की तो झटका एक्सलवरच जातो. गाडी सुरुवातीला धरलेली पोलारिस असेल तर पुढच्या डिफरन्शियलमध्ये पोलारिसचं डिमांड ड्राइव्ह ऑइलच भरा. साधं जाड गिअर ऑइल घातलं तर आतले रोलर वेळेवर पकडत नाहीत. मागची चाकं फिरत राहतात, पुढची उशिरा आणि झटक्याने पकडतात, आणि एक्सल पुन्हा धोक्यात.

सोबत एक पुढची आणि एक मागची एक्सल ठेवा. माळावर पुढची बदलायला तासभर लागतो: चाक काढा, स्प्लिट पिन आणि कॅसल नट काढा, कॅलिपर सोडून दोरीने वर बांधा, त्याच्या नळीवर लटकवू नका. वरच्या बॉल जॉइंटचा बोल्ट सोडून नकल बाहेर कलवा, एक्सलचं टोक हबमधून काढा. मग आतल्या बाजूला एकच झटका देऊन ती डिफरन्शियलमधून खेचा, हळू हळू ओढलं तर सर्क्लिप सुटत नाही. नवी बसवताना सर्क्लिपही नवीच घाला आणि टक असा आवाज आल्यावर एकदा ओढून बघा. स्प्लिट पिनही नवी.

पंपावर आता ई२० पेट्रोल मिळतं. त्यात २० टक्के इथेनॉल असतं, आणि पुस्तिकेत इथेनॉलची १० टक्क्यांची मर्यादा आहे.
— वाचक, प्रतापनगर

ऑक्टेनची काळजी नको, अमेरिकी पुस्तिकेतला ८७ म्हणजे इथला साधारण ९१, आणि आपलं पेट्रोल त्याहून वरचं आहे. अडचण इथेनॉलची. ते हवेतली आर्द्रता ओढतं आणि इथेनॉलसाठी न बनवलेलं रबर कडक किंवा फुगीर करतं. जिथे मिळेल तिथे इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरा. नाही मिळालं तर इंधनाच्या नळ्या दर तीन महिन्यांनी वाकवून चिरा बघा, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी उपसून ठेवा.

नदीच्या पात्रात किंवा जुन्या खदानीत नेली तर चालते का? आणि गाडी तिथवर न्यायची कशी?
— वाचक, गिट्टीखदान

गाडीची मोटार वाहन कायद्याखाली नोंदणी होत नाही, म्हणून रस्त्यावर, अगदी रस्ता ओलांडण्यापुरतीही, ती चालवता येत नाही. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला आणि इतर वनजमिनीत नेण्याचा विचार नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९२७ चा वन कायदा दोन्ही आड येतात, आणि तिथल्या प्राण्यांचं शांत जगणं आपल्या खेळापेक्षा मोठं आहे. पात्रातही नको, माशांची अंडी आणि गावाचं पाणी तिथे असतं. सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याची लेखी परवानगी घेऊन खाजगी जमिनीवर जा. खदानीसाठी पट्टाधारकाची परवानगी लागते, आणि साचलेल्या पाण्याच्या कडेला चाक नेऊ नका. खदानीचं पाणी काठापासून एकदम खोल होतं.

नेण्यासाठी छोटा हत्ती पुरत नाही. गाडी ६४ इंच म्हणजे १६२६ मिलीमीटर रुंद आणि सुमारे तीन मीटर लांब आहे. पिकअपचा हौदा आतून १७०० रुंद आणि ३१०० लांब हवा. गिअर पार्कमध्ये टाका आणि चार रॅचेट पट्टे चेसिसला नाही, चाकांना बांधा. चेसिसला बांधले तर वाटेत स्प्रिंग दबतात आणि पट्टे सैल पडतात. दहा किलोमीटरनंतर थांबून एकदा आवळा.

समोर उभं राहून वाट दाखवणारा "उजवीकडे" म्हणतो आणि ड्रायव्हर उलट वळवतो. काय करावं?
— वाचक, सीताबर्डी

शब्द सोडा, हात वापरा. ज्या बाजूला टायर वळायला हवा त्या बाजूला हात, मुठी आवळल्या की जागच्या जागी थांब. ट्रकवाल्यांचं "ड्रायव्हर साइड, क्लीनर साइड" इथे फसवतं, कारण आयात साइड-बाय-साइडमध्ये ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि आपल्या सवयीला तो उजवीकडे वाटतो. त्याला न दिसणारं चाक पुढचं उजवं असतं. दाखवणाऱ्याने नजर त्या चाकावर ठेवावी, आणि स्वतः कधीही गाडीच्या खालच्या बाजूला उभं राहू नये. दाखवणारा एकच असावा. बाकीच्यांनी कितीही वाटलं तरी ओरडायचं नाही, फक्त "थांब" हा शब्द कुणीही म्हणू शकतो, आणि तो ऐकताच ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा.